तिसरी कवळी

३ फेब्रुवारी

भुंगा,

‘प्रिय’ लिहायला घेतलं होतं, पण हात अडला. पुढे कधी जमलं तर बघू.

कामापुरतं लिहिते. आईची कवळी तुझ्याकडे आहे. दवाखान्यात शेवटच्या दिवशी नर्सने ती डबीत घालून तुझ्या हातात दिली, डबी तुझ्या पर्समध्ये राहिली आणि पर्स तुझ्याबरोबर समुद्रापलीकडे गेली. मुद्दाम नेलीस असं मी म्हणत नाही. पण आई प्रार्थनाघरात सगळ्यांसमोर गाल आत गेलेले अशी झोपली होती, आणि शेवटचं बघायला येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं की हिची मोठी मुलगी कवळ्या बनवते. मला काय वाटलं असेल ते राहू दे.

ती परत पाठव. ओल्या कापसात गुंडाळ, डबीत घाल आणि वरून पुठ्ठ्याचं खोकं कर. सुकली तर आकसते.

कशाला हवी तेही सांगते, नाहीतर तू नाही नाही ते तर्क करशील. त्या कवळीत काहीतरी दोष राहिला होता आणि तो मला शेवटपर्यंत सापडला नाही. गाताना ती वाजायची. पहिली वाजायची म्हणून दुसरी केली, दुसरी वाजायची म्हणून तिसरी केली, तर तिसरीही वाजायची. आयुष्य गेलं माझं लोकांच्या तोंडात दात बसवण्यात. कोणाची तक्रार नाही, आणि सख्ख्या आईची कवळी वाजावी, हे मला अजून टोचतं. एकदा साच्यावर चढवून नीट बघायची आहे. बाकी काही नाही.

फोन तू उचलत नाहीस म्हणून पत्र.

ताई

२ मार्च

भुंगा,

खोकं आलं नाही. माझं पत्र परत आलं नाही, म्हणजे तुला मिळालेलं आहे.

तू विचारणार नाहीस, तरी सांगते. सध्या प्रार्थनेच्या दिवशी मी प्रार्थनाघराबाहेर पायरीवर बसते.

दारातला नियम आठवतो का तुला? दारवान प्रत्येकाला विचारतो, ‘मनात कोणाशी वाकडं?’ आणि ज्याचं कोणाशीही भांडण मिटायचं राहिलंय त्याने उंबरा ओलांडायचा नाही. ह्या नियमावरून तू बाबांचं डोकं खायचीस. पेन्सिल चोरणाऱ्या मुलीशी वाकडं असलं तर चालतं का, तिनेच आधी चोरली असेल तर, ती मेली तर मी जन्मभर बाहेरच का. बाबा म्हणायचे, देवाने ही मुलगी नाही दिली, डोक्याला भुंगा लावून दिलाय. तेव्हापासून तू भुंगा. मी मात्र ‘नाही’ म्हणून सरळ आत जायची आणि पुढच्या बाकावर बसायची. प्रार्थनेचा पहिला सूर मला द्यायचा असायचा.

आईला निरोप दिल्यानंतरच्या पहिल्या प्रार्थनेला दारवानाने मलाही तेच विचारलं. लोक त्याला उत्तर देतात ते छत्री झटकल्यासारखं देतात, न थांबता. मी थांबले. तोंडातून ‘नाही’ निघेना. म्हणाले, ‘आहे.’

तो बिचारा गडबडला. इतक्या वर्षांत त्याला कोणी ‘आहे’ म्हटलेलंच नव्हतं. मलाच विचारतो, ‘मग आता काय करायचं असतं?’

‘पायरीवर बसायचं असतं,’ मी म्हणाले, आणि बसले. त्या दिवसापासून बसते आहे.

हे तुझ्यामुळे, हे तुला कळावं म्हणून लिहिते. आईला निरोप देताना प्रार्थनाघराच्या थोरल्यांनी रिवाजाप्रमाणे मला विचारलं, ‘ही श्रद्धेने गेली का?’ मी मोठी मुलगी, जवळची, माझ्याकडून उत्तर हवं. मी ‘हो’ म्हणाले. आणि तू शेवटच्या बाकावरून उठून म्हणालीस, ‘नाही. तिने मला सांगितलंय. तिचा विश्वास कधीच उडाला होता. तिच्यावर प्रार्थना म्हणू नका.’ भरल्या सभेत! आपली आई, जिने ताप असतानाही एक आठवडा चुकवला नाही! मी सगळ्यांना सांगितलं की माझी बहीण खोटं बोलते आहे. मला वाटलं तू भांडशील. तू फक्त माझ्याकडे बघितलंस आणि पर्स उचलून गेलीस.

तुझा स्वतःचा विश्वास नाही ते मी कधीच मान्य केलं होतं. ते तू आईच्या तोंडी घालायला नको होतंस.

कवळी पाठव.

ताई

१९ एप्रिल

भुंगा,

आज थोरले कारखान्यात आले होते. कारखाना कसला, दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागची ती लांबट खोली, तू पाहिली आहेस. प्लास्टरची धूळ, मेणाचा वास आणि फळीवर ओळीने मांडलेले लोकांचे जबडे. तू लहान असताना म्हणायचीस, ताई, हे सगळे मिळून हसतायत की ओरडतायत?

थोरल्यांची हिरडी एका बाजूला सोलवटली होती. त्यांच्या तोंडातले दात माझ्या हातचे आहेत, त्यामुळे ते डॉक्टरांना टाळून थेट माझ्याकडे येतात. स्टुलावर बसले आणि कवळी काढायच्या आधीच सुरू झाले.

‘अजून किती बसणार आहेस पायरीवर?’

‘वाद मिटेपर्यंत.’

‘ती तिकडे. फोन उचलत नाही, पत्राला उत्तर देत नाही. तिला मिटवायचंच नसेल तर?’

‘तर बसेन.’

‘हे बघ, तुझ्या बाजूने मिटलं म्हण आणि ये आत. सगळ्यांना चुकल्याचुकल्यासारखं होतंय. त्या शिंपीणबाईंना सूर देता येत नाही ग. इतक्या वर चढवतात की तिसऱ्या ओळीला मला ठसका लागतो.’

‘ऐकू येतं मला बाहेर.’

‘मग?’

‘मिटलं नाहीये ना पण. मिटलं कसं म्हणू?’

त्यांनी डोळे मिटून घेतले. मग हळू आवाजात म्हणाले, ‘अगं, आत बसणारे काय गळ्यात गळा घालून बसतात? बेकरीवाला आणि त्याचा भाऊ एका बाकावर बसतात आणि वडील गेल्यापासून एकमेकांशी चकार शब्द बोललेले नाहीत. दोघंही दारात ‘नाही’ म्हणतात.’

‘तुम्हाला ठाऊक आहे, तर तुम्ही त्यांना बाहेर का नाही काढत?’

‘बाहेर काढायला लागलो तर आत कोण राहील? मी एकटा. आणि खरं सांगू का, मीही नाही राहणार.’

माणूस चांगला आहे. म्हणूनच मला राग आला. वाईट असता तर नुसतं हसून सोडून दिलं असतं. मी म्हणाले, ‘तोंड उघडा,’ आणि त्यांची कवळी काढून घेतली, त्यामुळे पुढचं बोलणं आपोआप थांबलं. टोचणारी कड कानशीने कमी केली, घासून गुळगुळीत केली आणि परत बसवून दिली. जाताना पाठीवर हात ठेवून गेले.

त्यांना समजलं नाही ते तुला समजेल का, माहीत नाही. तू देव मानत नाहीस. मी मानते, आणि मानते म्हणूनच मला त्याच्या दारात तोंडाला येईल ते बोलता येत नाही. तिथे कोणी नसेलच तर ‘नाही’ म्हटलं काय आणि ‘हो’ म्हटलं काय, सगळं सारखंच. पण माझ्यासाठी तिथे कोणीतरी असतं.

पायरीवर ऊन असतं. दारवान पेपर वाचतो आणि अर्धा पेपर मला देतो. प्रार्थनेला मी अजूनही चांगले कपडे घालून जाते, इस्त्री करून. पायरीवर बसायला कशाला इस्त्री, असं दर वेळी मनात येतं आणि तरी करते.

ताई

६ मे

भुंगा,

खोकं आलं. कापूस ओला होता. आत चिठ्ठी नव्हती, मी दोनदा पुठ्ठाही उलगडून पाहिला.

डबी टेबलाच्या खणात ठेवली आहे. ह्या आठवड्यात काम फार आहे.

ताई

८ जून

भुंगा,

काम फार नव्हतं. खण उघडायची माझी हिंमत होत नव्हती. शेवटी काल दुपारी कारखान्याचे मालक जेवायला गेल्यावर डबी काढली.

आईचे साचे मी फळीवरून कधी काढलेच नव्हते. ते खाली घेतले, धूळ झटकली. वरचा आणि खालचा साचा धरून जबड्यासारखी उघडझाप करणारं एक यंत्र असतं, आम्ही त्याला नुसतं ‘जबडा’ म्हणतो. त्यावर कवळी चढवली. मग दातांच्या मधे निळा कागद ठेवला. तो कागद चावला की जिथे दात जास्त दाबले जातात तिथे गडद ठिपका उठतो. कवळी वाजत असेल तर तो ठिपका चुगली करतोच. आजपर्यंत एकदाही त्याने मला फसवलेलं नाही.

डावीकडे, उजवीकडे, पुढे, सगळीकडे सारख्या फिक्या खुणा. एकही गडद ठिपका नाही. कागद बदलला, पुन्हा पाहिलं. जबडा बाजूला सरकवून पाहिलं, पुढे ओढून पाहिलं. तेच. हिरडीला चिकटणारी बाजू बोटाने चाचपली, तिथेही कुठे डुगडुगत नव्हती. मालक परत आले, माझ्या खांद्यावरून बघत म्हणाले, ‘कोणाची ग? अशी बसलेली कवळी शिकणाऱ्या पोरांना दाखवायला ठेवायला हवी.’

मी म्हणाले, ‘आईची.’ त्यांनी चहा करून आणला.

भुंग्या, ती वाजत नव्हती.

घरी येताना एकेक आठवायला लागलं, आणि मला ते आठवायचं नव्हतं. ज्यांची कवळी डुगडुगते ती माणसं टोस्ट चहात बुडवून खातात. आई कोरडा खायची, कडाकडा, वर सफरचंद न चिरता. तुझ्याशी फोनवर तास तास बोलायची, कधी टक् आवाज झाला नाही. हसायची तर किती मोठ्याने! आणि भांडी घासताना गायची की. जुनी, तिच्या तरुणपणची गाणी, पलीकडच्या बाई खिडकीतून दाद द्यायच्या. तेव्हाही नाही वाजली.

ती फक्त प्रार्थनाघरात वाजायची. खरं तर तिथेही मी ती वाजताना कधी ऐकली नाही. बाहेर पडल्यावर आई मला सांगायची, ‘काय करू ग, गायला लागले की वाजते मेली. लोक माझ्याकडे बघतात. मी आपली नुसते ओठ हलवते.’ आणि मी लगेच तिला खुर्चीत बसवून, ‘आ कर’, ‘चाव’, ‘स म्हणून दाखव’ सुरू करायची. बाबा गेले त्याच वर्षी तिचे उरलेले दात काढले होते, त्यामुळे गप्प होण्याचं दुसरं काही कारण असेल असं मला सुचलंच नाही. सुचलं असतं तरी मी ते दाराबाहेर उभं केलं असतं.

तिला ते शब्द म्हणायचे नव्हते. एवढंच होतं.

ताई

२१ जुलै

भुंगा,

आता एक विचारते. उत्तर नको देऊस, पण मला विचारू दे.

तिचा विश्वास उरला नव्हता, तर ती यायची कशाला? घरी राहिली असती. मी बराच विचार केला आणि मला एकच उत्तर मिळालं. ती माझ्यासाठी यायची. मी पुढच्या बाकावरून सूर द्यायची आणि ती मागे बसून माझ्याकडे बघायची. कधी मागे वळून पाहिलं तर हसायची, आणि मला वाटायचं, देवाच्या जवळ बसल्यावर माणूस किती प्रसन्न दिसतं.

आणि एक गोष्ट घशाखाली उतरत नाही. जो तिच्या लेखी नव्हता, त्याच्यासमोर खोटं बोलायला नको म्हणून ती गप्प राहिली. पण माझ्याशी मात्र ती बिनदिक्कत खोटं बोलली. दर आठवड्याला. मी तिच्या हिरड्या चाचपायची, मेण लावायची, एक एक दात बदलायची, आणि ती आ करून बसून राहायची. तिसऱ्या वेळी माप घेताना तिला ओकारी आली होती, डोळ्यांत पाणी आलं होतं. तेव्हाही बोलली नाही.

तुला सांगितलं. मला नाही सांगितलं. मी इतकी कडक होते का ग? मी तिच्याबरोबर राहत होते, तिचे कपडे धूत होते, तिला औषधं देत होते, आणि जीवातलं बोलायला तिला समुद्रापलीकडे फोन लावावा लागायचा.

घर फार शांत आहे. मी उभ्या उभ्याच जेवते, ओट्याशी. पूर्वी मला वाटायचं मी एकटी पडले ती पायरीवर बसावं लागलं म्हणून. आता वाटतं, पुढच्या बाकावर बसत होते तेव्हाही एकटीच होते, फक्त मला माहीत नव्हतं. हे लिहिताना रडू येतंय, म्हणून अक्षर असं आलंय.

सभेत मी तुला खोटारडी म्हणाले. ते चुकलं. पत्रात लिहिणं सोपं आहे, मला कळतं. जिथे म्हणाले तिथेच मागे घ्यायला हवं.

ताई

१५ ऑक्टोबर

प्रिय भुंगा,

बघ, जमलं.

पुढच्या महिन्यात आईला वर्ष होतं. वर्ष झालं की थोरले पुन्हा तोच प्रश्न विचारतात, आणि जवळच्याने ‘हो’ म्हटलं की नाव प्रार्थनाघराच्या भिंतीवर लिहितात. बाबांच्या नावाशेजारची जागा आईसाठी रिकामी ठेवली आहे. भिंत गेल्या वर्षी रंगवली तेव्हा रंगाऱ्याच्या डोक्यावर उभं राहून मी ती जागा आखून घेतली होती. किती हौसेने, ते तुला ठाऊक आहे. बाबांच्या नावाशेजारी आईचं नाव नसेल तर लोक काय म्हणतील हा प्रश्न नाही. मला ते तिथे हवं आहे. मला ती दोघं शेजारी हवी आहेत.

थोरले पायरीपर्यंत आले होते. त्यांना मी कवळीचं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शेजारी बसले, चांगला कोट घालून, पायरीवर.

म्हणाले, ‘मनात काय होतं ते तिचं तिला आणि देवाला माहीत. ती येत होती ना? येणं म्हणजेच श्रद्धा. मी असं धरतो. तू ‘हो’ म्हण, त्यात खोटं काही नाही.’

मी म्हणाले, ‘तिने स्पष्ट सांगितलं होतं.’

‘तुला नाही सांगितलं.’

इथे मात्र त्यांनी बरोबर बोट ठेवलं. 

‘उंबऱ्यापाशी उभी राहून म्हटलंस तरी चालेल,’ ते उठताना म्हणाले. ‘आत यायची सक्ती नाही. एक अक्षर आहे ते. सगळ्यांना हवं आहे, तुला हवं आहे. आणि तिला आता काही फरक पडत नाही.’

रोज ठरवते आणि रोज बदलते. सकाळी वाटतं म्हणून टाकावं. किती प्रेमाने सांगतायत. आई जिवंत असती तर तिनेच म्हटलं असतं, घाल ग माझं नाव, तुझं समाधान होऊ दे. मग कारखान्यात जाते आणि फळीवर तिचा साचा दिसतो. आ केलेला.

तू जवळ असतीस तर तुला विचारलं असतं. तू भुणभुण केली असतीस, मी चिडले असते, आणि भांडता भांडता काहीतरी ठरलं असतं.

ताई

२२ नोव्हेंबर

प्रिय भुंगा,

झालं.

सगळी मंडळी आली होती. दारवानाने सवयीने विचारलं, ‘मनात कोणाशी वाकडं?’ मी म्हणाले, ‘माझ्या बाजूने नाही आता. तिच्या बाजूचं माहीत नाही.’ तो विचारात पडला, मग म्हणाला, ‘असं असलं तर उंबऱ्यावर उभं राहता येत असेल.’ आणि मला उंबऱ्यावर उभं केलं. एक पाय आत, एक बाहेर. नियमात असं काही नाही, त्याने ते तिथल्या तिथे बनवलं.

थोरल्यांनी आईचं नाव घेतलं. सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. रंगारी भिंतीजवळ डबा आणि बारीक ब्रश घेऊन तयार होता. डब्याचं झाकण त्याने उघडूनही ठेवलं होतं.

‘ही श्रद्धेने गेली का?’

भुंग्या, दोन बाकं सोडून शिंपीणबाई होत्या, त्यांनी मला प्रोत्साहन म्हणून मान हलवली, हो म्हण, हो म्हण. सगळी तोंडं इतकी मायेची होती. त्यातली निम्मी माझ्या हातच्या दातांची.

मी म्हणाले, ‘नाही.’

 थोरले म्हणाले, ‘नीट विचार करून बोल, बाळ. जागा ठेवलेली आहे.’

‘विचार करूनच बोलते. ती श्रद्धेने गेली नाही. इतकी वर्षं ती इथे गायली नाही, कारण जे मनात नाही ते तिला तोंडाने म्हणायचं नव्हतं. मी समजत होते तिची कवळी वाजते. तिच्या कवळीत काही दोष नव्हता.’ माझा आवाज चिरकला, शिंपीणबाईंच्या सुरासारखा. ‘आणि गेल्या वर्षी ह्याच जागी मी माझ्या बहिणीला खोटारडी म्हणाले. ती खरं बोलली होती. चूक मी बोलले होते.’

बेकरीवाल्याचा भाऊ खाली बघत होता. बेकरीवालाही. थोरल्यांनी हातातलं पुस्तक मिटलं. मग रंगाऱ्याकडे बघून मान हलवली, आणि त्याने डब्याचं झाकण बंद केलं. तेवढा आवाज मला ऐकू आला. ते झाकण लागताना मला वाटलं, धावत जाऊन त्याचा हात धरावा, म्हणावं, थांबा, म्हणते मी हो.

नाही धरला. मागे सरले आणि पायरीवर जाऊन बसले.

आत प्रार्थना सुरू झाली, नेहमीसारखी भलत्या वरच्या सुरात. बाहेर येताना लोक माझ्या बाजूने वाट काढत गेले, तुडवली जाऊ नये अशी काहीतरी वस्तू पायरीवर ठेवलेली असावी तसे. शिंपीणबाई थांबल्या, मग पुढे गेल्या. थोरले सगळ्यात शेवटी बाहेर पडले. म्हणाले, ‘पुढच्या आठवड्यात येशील ना?’

‘पायरीवर?’

‘कुठेही,’ म्हणाले, आणि गेले.

एक सांगायचं राहिलं. दारवान प्रार्थना सुरू झाली की दार लावून घेतो. काल त्याने लावलं नाही. उघडंच ठेवलं, आणि माझ्या शेजारी पेपर उघडून बसला. वाचत मात्र नव्हता.

मला आई फार हवी आहे. तिला विचारायचंय, बरोबर केलं का ग मी. आणि तुझ्याकडून एकच हवंय, माफी नको, तुला वाटेल तेव्हा वाटेल. आई तुला काय म्हणाली होती ते एकदा सांग. तिच्या शब्दांत.

ताई

१७ डिसेंबर

प्रिय भुंगा,

तुझं पत्र मिळालं. पाकिटावर तुझं अक्षर बघून मी जिन्यातच बसले, वर घरापर्यंत जायचा धीर नव्हता. पलीकडच्या बाई कुलूप लावून निघाल्या होत्या, त्यांना वाटलं मला चक्कर आली.

चारच ओळी लिहिल्यास. बाकीचं ‘मी आले की’, म्हणतेस. ‘तू आलीस की’ नाही, ‘मी आले की’ असं लिहिलंयस, मी परत परत वाचून खात्री केली. उन्हाळ्यात तुझी खोली रंगवून घेते. मागच्या खिडकीची कडी मोडली आहे, तीही बदलते. प्रार्थनेला मी सध्या पायरीवरच बसते, दार उघडं असतं. मागच्या आठवड्यात बेकरीवाल्याचा भाऊ आला, दारवानाने विचारल्यावर जरा घुटमळला, आणि काही न बोलता माझ्या शेजारी येऊन बसला. आम्ही दोघांनी मिळून पेपर वाचला. सूर तिथूनच मी देते आता. आतले ऐकतात.

पण ते सगळं नंतर. तुझ्या त्या चार ओळींतली एक मला पाठ झाली आहे. तू लिहिलंयस, मी आईला विचारलं होतं, ताईला का नाही सांगून टाकत, ती समजून घेईल. तर आई हसली, आणि म्हणाली, ‘नको ग बाई. तिला सांगितलं तर ती चौथी करून आणेल.’

मी जिन्यात इतकी हसले की पलीकडच्या बाई पाणी घेऊन धावत आल्या. मग हसता हसता तोंड दाबून रडले, कारण आई मला किती ओळखत होती.

केली असती ग मी चौथी.

ताई